हेगच्या ट्रान्सवालमध्ये भाड्याचं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नऊ वर्षं मी नेदरलँड्समधल्या हेग शहरात, ट्रान्सवाल नावाच्या वस्तीत भाड्यानं राहतोय. नोकरीसाठी इकडे येणाऱ्या मराठी मंडळींकडून तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून एकदाच उत्तरं लिहून काढली. आकडे २०२५ सालचे आहेत. भाड्याच्या मर्यादा दर १ जानेवारीला बदलतात, तेव्हा सही करण्याआधी चालू वर्षाचा आकडा बघून घ्या. डच शब्द मुद्दाम ठेवलेत, कारण करारात तेच दिसणार आहेत.

१. ट्रान्सवाल ही कसली वस्ती? तिथे कोण राहतं?

हेगच्या मध्यवर्ती विभागात, स्खिल्डर्सवाइक या वस्तीच्या शेजारी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कामगारांसाठी बांधली गेली. त्या काळात डच लोकांना दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर (डच वंशाच्या) मंडळींचं फार कौतुक, म्हणून रस्त्यांना त्यांच्या पुढाऱ्यांची, म्हणजे पॉल क्रूगर, डे ला रे, प्रिटोरियस अशी नावं आहेत. आज त्याच पॉल क्रूगरलानवर साड्यांची, सोन्याची आणि रोटीची दुकानं आहेत. तुर्की, मोरोक्कन, पूर्व युरोपीय आणि सुरिनामी हिंदुस्तानी असे सगळे इथे राहतात.

हिंदुस्तानी म्हणजे ज्यांचे पणजोबा-खापरपणजोबा मळ्यांवर राबायला बिहार आणि उत्तर प्रदेशातून सुरिनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत, गेले ते. पहिलं जहाज, लाला रूख, १८७३ साली पोचलं. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाला, त्या सुमारास त्यांच्यातले पुष्कळजण नेदरलँड्सला आले आणि त्यांची सर्वांत मोठी वस्ती हेगमध्येच झाली. त्यामुळे मेथी, कारली, दुधी शोधत फिरावं लागत नाही. हागसे मार्क्ट हा उघड्यावरचा मोठा बाजार सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार भरतो. शनिवारी संध्याकाळी बाजार उठता उठता गेलात तर भेंडीचा अख्खा वाटा एका युरोत मिळतो, फक्त वरची भेंडी बघून फसू नका. वाट्याखाली हात घाला.

२. घरच्यांनी नेटवर वाचलं आणि घाबरले. वस्ती सुरक्षित आहे का?

२००७ साली सरकारनं देशातल्या ४० 'विशेष लक्ष द्यायच्या' वस्त्यांची यादी काढली, त्यात ट्रान्सवाल होतं. तो शिक्का अजून पुसलेला नाही. गरिबी आहे, गल्लीगल्लीत फरक आहे, सायकली चोरीला जातात, ३१ डिसेंबरच्या रात्री फटाक्यांचा धुमाकूळ असतो. पण रात्रपाळीहून एकटी परतणारी माझी शेजारीण इथे वीस वर्षं राहते आहे. माझा सल्ला एवढाच: घर बघायला दोनदा जा, एकदा दिवसा आणि एकदा रात्री दहानंतर. त्या दुसऱ्या फेरीत जे कळतं ते कुठल्या नकाशावर लिहिलेलं नसतं.

३. कॉर्पोरेशनचं स्वस्त घर आम्हाला मिळेल का?

बहुतेकांना नाही. इथली बरीच घरं 'वोनिंगकॉर्पोरासी' म्हणजे गृहनिर्माण संस्थांची आहेत. हेगमध्ये स्टाडियॉन, हाग वोनेन, हॉफ वोनेन या मोठ्या. वाटप 'वोननेट हागलांडेन' या संकेतस्थळावरून होतं आणि रांग कित्येक वर्षांची आहे. शिवाय उत्पन्नाची मर्यादा: २०२५ साठी एकट्या माणसाला वर्षाला ४९,६६९ युरो, एकाहून अधिक माणसांच्या घराला ५४,८४७ युरो. कुशल कर्मचाऱ्याच्या व्हिसावर आलेल्याचा पगार सहसा याच्या वर जातो. तरीही आल्या आल्या नाव नोंदवून ठेवा. आयुष्य कुठलं वळण घेईल सांगता येत नाही, आणि नोंदणीची वर्षं पुढे कामी येतात.

४. मग खासगी घराला किती भाडं रास्त? घरमालक १३५० सांगतोय, घासाघीस करू का?

घासाघीस करू नका, गुण मोजा. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण हे उत्तर वाचा.

इथे घराला गुण असतात. खोल्यांच्या दर चौरस मीटरला एक गुण, साठवणीच्या वगैरे जागेला पाऊण, मग स्वयंपाकघर, न्हाणीघर, ऊर्जेचा दर्जा, गॅलरी आणि घराची सरकारी किंमत म्हणजे 'वॉझ'. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या परवडणाऱ्या भाड्याच्या कायद्यानं नवीन करारांसाठी हे असं बांधून दिलंय: १४३ गुणांपर्यंत घर 'सोशल' गटात, २०२५ मध्ये भाडं जास्तीत जास्त ९००.०७ युरो. १४४ ते १८६ गुण म्हणजे मधला गट, कमाल १,१८४.८२ युरो. १८७ आणि पुढे मालक हवं ते मागू शकतो. ही कमाल गटाच्या वरच्या टोकाची. प्रत्येक गुणसंख्येला स्वतःची कमाल रक्कम आहे.

आता ट्रान्सवालचं जुनं घर डोळ्यांसमोर आणा. वॉझ शहराच्या मानानं कमी. ऊर्जेचा दर्जा बहुधा ई, एफ नाहीतर जी, आणि या तिन्हींना गुण उलटे वजा होतात. गॅलरी किंवा अंगण काहीच नसेल तर २०२५ च्या नियमांप्रमाणे आणखी पाच गुण गेले. म्हणजे ज्या वस्तीत लोक 'स्वस्त आहे' म्हणून येतात, तिथलीच घरं गुणांच्या हिशेबात मागितलेल्या भाड्याच्या कितीतरी खाली बसतात. स्वस्त वस्तीतलं घर महागात घेणं सगळ्यात सोपं असतं, कारण ऑफिसातले सगळे त्याहून जास्त भरत असतात आणि तुम्हाला वाटतं आपण वाचलो.

मागे नागपूरच्या एका जोडप्याबरोबर मी टेप घेऊन गेलो. जाहिरातीत ७० चौरस मीटर. माळ्यावरच्या उतरत्या छपराखाली दीड मीटरहून कमी उंचीची जागा धरत नाहीत, ती वगळली तर ५८ भरले. दर्जा एफ, गॅलरी नाही. गुण १४३ च्या बरेच खाली आले, म्हणजे भाडं ९०० च्या आत हवं होतं. मागणी १३५०. पुढे काय झालं ते प्रश्न १५ मध्ये.

१ जानेवारी २०२५ पासून नवीन कराराबरोबर गुणांचा तक्ता देणं मालकावर बंधनकारक आहे. तक्ता मागा. मिळाला तरी ह्यूरकमिसीच्या (भाड्याचे वाद निकाली काढणारं सरकारी मंडळ) संकेतस्थळावरच्या मोफत गणकयंत्रावर स्वतः पडताळा.

५. जाहिरातीत 'काल', 'खेस्टोफेर्ड', 'खेम्यूबिलेर्ड' लिहिलंय. म्हणजे काय?

'काल' म्हणजे बोडकं. खरोखर बोडकं: फरशीच्या जागी उघडा सिमेंटचा कोबा, छतातून लोंबणाऱ्या वायरी, पडदे नाहीत, दिवे नाहीत. आपल्याकडे रिकामं घर म्हणजे निदान लादी असते. इथे आधीचा भाडेकरू लाकडी फरशीसुद्धा उचलून नेतो. 'खेस्टोफेर्ड' म्हणजे जमीन आणि पडदे आहेत, 'खेम्यूबिलेर्ड' म्हणजे फर्निचरसकट. जाणारा भाडेकरू कधी कधी जमीन, पडदे ठेवून पैसे मागतो. वस्तू बघून, रास्त वाटलं तर घ्या, सक्ती नाही.

फर्निचरच्या नावाखाली महिन्याला दोनशे मागत असतील तर यादी मागा. ह्यूरकमिसीचा साधारण हिशेब असा, की खरेदीच्या किमतीचे वर्षाला २० टक्के. पाचशे युरोंचा सोफा असेल तर वर्षाला शंभर.

६. भाडं 'सगळं धरून' सांगितलंय. सोयीचं आहे ना?

सोयीचं वाटतं, पण हिशेब झाकला जातो. 'काले ह्यूर' म्हणजे निव्वळ भाडं. नावात 'काले' असलं तरी काळं काही नाही, फक्त बोडकं भाडं. वीज, पाणी, जिन्याची सफाई वगैरे त्याच्यावर वेगळं दाखवलेलं हवं, आणि मालकानं वर्षातून एकदा प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब द्यायला हवा. सगळं एकत्र ठेवलं असेल तर भाडेकरू ते फोडून मागू शकतो. तसं झालं तर ह्यूरकमिसी एकूण रकमेच्या ५५ टक्के निव्वळ भाडं आणि २५ टक्के सेवाखर्चाची उचल ठरवू शकते. गणित करा, मालकांना हे का आवडत नाही ते कळेल.

७. कुठली कागदपत्रं तयार ठेवू?

पासपोर्ट, नोकरीचा करार, कंपनीचं 'वेर्कखेवर्सफेर्क्लारिंग' म्हणजे नोकरी असल्याचं पत्र, तीन महिन्यांच्या पगारपावत्या, असल्यास आधीच्या घरमालकाचं पत्र. पगार भाड्याच्या तिप्पट असावा अशी बहुतेकांची अपेक्षा असते. ओळखपत्राची प्रत देताना फोटो आणि त्यावर असल्यास नागरिक क्रमांक (डच सरकार प्रत्येक रहिवाशाला देतं तो) झाका, आणि प्रत कशासाठी दिली ते वर आडवं लिहा.

८. डिपॉझिट किती? एजंटची फी कोण भरतो?

१ जुलै २०२३ पासून डिपॉझिट, म्हणजे 'बोर्ख', दोन महिन्यांच्या निव्वळ भाड्याहून जास्त घेता येत नाही. घर सोडल्यावर काही कापायचं नसेल तर १४ दिवसांत परत, कापायचं असेल तर ३० दिवसांत आणि लेखी हिशेबासकट. घर मालकाच्या वतीनं दाखवलं जात असेल तर एजंटची फी मालकाची. 'करारशुल्क', 'नोंदणीखर्च' अशी नावं दिली तरी ती तुमच्याकडून घेता येत नाही. घेतली असेल तर परत मागता येते.

आणि घर न बघता एक युरोसुद्धा पाठवू नका. 'मी सध्या लंडनमध्ये आहे, किल्ली कुरिअरनं पाठवतो' हा मालक नव्हे. शंका आली तर 'कडास्टर'मध्ये थोडक्या शुल्कात घर कोणाच्या नावावर आहे ते बघता येतं.

९. मालक म्हणतो, पत्ता नोंदवायचा नाही, भाडं शंभरनं कमी करतो. घेऊ का?

नको. चार महिन्यांहून जास्त राहणार असाल तर आल्यापासून पाच दिवसांत महापालिकेत नोंदणीसाठी जावं लागतं. त्या नोंदणीतून नागरिक क्रमांक, आणि त्यावर पगार, बँक, आरोग्यविमा सगळं उभं राहतं. नोंदणीला नकार म्हणजे मालक काहीतरी लपवतोय: कर, जास्तीची माणसं, नाहीतर प्रश्न १३ मधला प्रकार.

१०. घर पक्कं झालं, आता म्हणतात महापालिकेचा परवाना लागेल. खरं आहे का?

खरं. हेगमध्ये स्वस्त आणि मधल्या गटातल्या घरांसाठी 'हाउसफेस्टिंग्सफेरखुनिंग' (घरात राहायचा परवाना) लागतं. अर्ज भाडेकरूनं करायचा, आणि घराच्या गुणांप्रमाणे उत्पन्नाची अट असते. गंमत बघा: मालक म्हणाला 'परवाना लागत नाही', तर त्याचा अर्थ तो घर १८६ गुणांच्या वरचं असल्याचा दावा करतोय. मग प्रश्न ४ मधली टेप काढा.

रॉटरडॅममध्ये याच्याहून वेगळी भानगड आहे. टार्वेवाइक, कार्निसे, हिलेस्लाउस, ब्लुमहोफ अशा वस्त्यांत, रॉटरडॅमच्या परिसरात सहा वर्षांहून कमी काळ राहिलेल्यांना नोकरी वगैरेचं उत्पन्न दाखवावं लागतं. नोकरीवर आलेल्याला ही अडचण येत नाही, पण कागद वेळेत द्यावे लागतात.

११. करार एक वर्षाचाच आहे. वर्षानं घर सोडावं लागेल?

१ जुलै २०२४ नंतर केलेला करार असेल तर बहुधा नाही. तेव्हापासून बेमुदत करार हाच नियम आहे. ठरावीक मुदतीचा करार काही अपवादांतच चालतो, उदाहरणार्थ बाहेरगावहून शिकायला आलेला विद्यार्थी. 'तुम्ही परदेशी आहात' किंवा 'तुमचा व्हिसा मुदतीचा आहे' हा अपवाद नाही, एजंट कितीही ठासून सांगोत. मालक स्वतः काही काळ परदेशी गेलाय आणि परत याच घरात राहायला येणार आहे, असं करारात स्पष्ट लिहिलं असेल तर मात्र तो घर परत मागू शकतो.

त्याआधीचा, दोन वर्षांपर्यंतचा करार असेल तर मुदत संपण्याच्या तीन महिने ते एक महिना आधी मालकानं लेखी कळवायला हवं होतं. विसरला असेल तर करार आपोआप बेमुदत झाला. तुम्ही सोडायचं ठरवलंत तर साधारण एक महिन्याची नोटीस पुरते.

१२. आम्ही तिघं मित्र. मिळून तीन खोल्यांचं घर घेऊ का?

हेगमध्ये एका कुटुंबाच्या नसलेल्या तीन किंवा अधिक माणसांना घर द्यायचं तर मालकाकडे वेगळा परवाना लागतो. दोघं असाल तर सोपं. परवाना दाखवा म्हणून लेखी विचारा. 'इथे सगळे असेच राहतात' हे खरं असलं तरी महापालिकेची पांदब्रिगाडे, म्हणजे घरं तपासणारी तुकडी, दारात आली की ते सांगून उपयोग नसतो. प्रत्येकाचा खोलीचा स्वतंत्र करार असेल तर गुणांची पद्धतही वेगळी लागते.

१३. ओळखीचे एक अंकल गावी जातायत. त्यांचं कॉर्पोरेशनचं घर आम्हाला देतायत, तेही स्वस्तात. चालेल?

अंकल चांगले असतील, पण हे घर त्यांचं नाही. संस्थेच्या परवानगीशिवाय पोटभाड्यानं दिलं तर त्यांचा करार जातो आणि त्यांच्याबरोबर तुम्हीही बाहेर. अशा घरी सहसा नोंदणी होत नाही आणि भाडं रोखीनं. ट्रान्सवालमध्ये नवख्या माणसाला मिळणाऱ्या ऑफरींपैकी ही सगळ्यात गोड आणि सगळ्यात घातक. संस्थेचं परवानगीपत्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय सामान हलवू नका.

१४. एजंट म्हणाला, 'मालकाला भारतीय नकोत, मसाल्याचा वास येतो.' काय करायचं?

भेदभाव बेकायदा आहे, आणि निवडीचे निकष आधी सांगणं, नकाराचं कारण देणं मालक-एजंटांवर बंधनकारक आहे. फोनवर बोललं असेल तर लगेच ईमेल करा: 'आज आपण असं म्हणालात, मला बरोबर समजलं का?' उत्तर आलं तर पुरावा, नाही आलं तरी तारीख राहते. मग महापालिकेच्या तक्रार केंद्राकडे. या वस्तीत मात्र फोडणीचा प्रश्न येत नाही. माझ्या जिन्यात संध्याकाळी सहाला कुणाच्या घरचं काय शिजतंय ते सांगता येतं, आणि बहुतेक वेळा आमची डाळ सगळ्यात मवाळ निघते.

१५. ह्यूरकमिसीकडे गेलो तर मालक चिडून बाहेर काढेल ना?

चिडेल. बाहेर काढू शकणार नाही. मालकाला करार संपवायची कारणं कायद्यात मोजकी दिली आहेत आणि 'भाडेकरूनं तक्रार केली' हे त्यात नाही; शिवाय तुम्ही राजी नसाल तर निकाल न्यायाधीश देतो. भाडेकरूला २५ युरो भरावे लागतात, जिंकलात तर परत मिळतात. सुरुवातीचं भाडं तपासून घ्यायचं तर करार सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करा. काही घरांना जास्त सवड आहे, पण तिच्यावर विसंबू नका.

त्या नागपूरकरांनी आधी मालकाला नम्र पत्र लिहिलं, तक्ता जोडला. उत्तर आलं नाही. पाचव्या महिन्यात अर्ज गेला, एक निरीक्षक आला, पाऊण तास मोजमापं घेऊन काही न बोलता गेला. निकाल यायला पुष्कळ महिने लागले, पण भाडं ९०० च्या खाली आलं आणि पहिल्या दिवसापासूनचा फरक परत मिळाला. मालक अजून जिन्यात 'खूदेमोर्खन' (सुप्रभात) म्हणत नाही. ते दोघं म्हणतात, चालेल.

कागद डचमध्ये आले की घाबरायला होतं. 'युरिडिस लोकेट'मध्ये कायद्याचा प्राथमिक सल्ला फुकट मिळतो.

१६. भिंतीला काळी बुरशी आली. मालक म्हणतो, तुम्ही खिडक्या उघडत नाही.

दोघांचंही थोडं खरं असतं. जुनी भिंत, एकेरी काच, त्यात आपला कुकर आणि घरात वाळत घातलेले कपडे. खिडकीवरची झडप उघडी ठेवा, स्वयंपाकाच्या वेळी पंखा लावा. पण पाणी बाहेरून झिरपत असेल किंवा हवा खेळायची सोयच नसेल तर दुरुस्ती मालकाची. फोटोंसकट लेखी कळवा, सहा आठवडे द्या. नाही केलं तर सोशल आणि मधल्या गटातलं भाडं ह्यूरकमिसी दुरुस्ती होईपर्यंत तात्पुरतं खूप खाली आणू शकते. बल्ब, कुलपाला तेल, सिंकमधला केसांचा बोळा, असली किरकोळ कामं तुमची.

१७. दुसऱ्या मजल्यावरचं घर आहे. आई-बाबा येणार, जिना कसा असतो?

जाहिरातीत हे कोणी लिहीत नाही. ट्रान्सवालमध्ये हेगचं खास 'पोर्टीक' दिसतं: रस्त्यावरून थेट वर जाणारा उघडा दगडी जिना, वरच्या पडवीत तीन-चार दारं ओळीनं. दिसायला देखणं. त्यातलं एक दार उघडलं की आत पुन्हा एक जिना, शिडीसारखा सरळ, पायरीवर अर्धंच पाऊल मावेल इतका अरुंद. गुडघे दुखणाऱ्या माणसानं एकदा चढलं की उतरायचं नाव नको. आमची आई सहा आठवड्यांत चार वेळा खाली आली. पलंग, फ्रीज खिडकीतून बाहेरच्या यांत्रिक शिडीनं घ्यावे लागतात, त्याचं भाडं हिशेबात धरा. आई-वडील येणार असतील तर 'बेखाने ख्रॉन्ड' म्हणजे तळमजला शोधा.

१८. भाड्याशिवाय महिन्याला काय काय?

गॅस-वीज, पाणी (हेगमध्ये दुनेआ कंपनीचं), महापालिकेचा कचरा कर आणि डेल्फलांड जलमंडळाचा कर. शेवटचे दोन वर्षातून एकदा येतात आणि नवख्यांना धक्का देतात. एफ दर्जाच्या घरात हिवाळ्यातला गॅस जपून. कचरा जमिनीखालच्या टाकीत टाका. पिशवी बाहेर ठेवलीत तर सीगल फाडतात आणि तुमच्या नावाचं पाकीट रस्त्यावर पसरतं, मग दंडही तुमच्याच नावे.

१९. भाडं दर वर्षी किती वाढवू शकतात?

गटाप्रमाणे. २०२५ मध्ये खुल्या गटात जास्तीत जास्त ४.१ टक्के, मधल्या गटात ७.७, सोशलमध्ये साधारण ५ टक्के. बारा महिन्यांत एकदाच. गुणांची कमाल मर्यादा त्याच्यावरही लागू, म्हणून पुन्हा प्रश्न ४.

२०. करार नवऱ्याच्या नावावर आहे. मी नंतर आले, माझा हक्क काय?

लग्नाच्या जोडीदाराला, त्या घरात राहत असेल तर, कायद्यानंच सहभाडेकरूचा दर्जा आहे. करारात नाव नसलं तरी. आणि त्यामुळे भाड्याची जबाबदारीही दोघांची. पण लग्न महापालिकेच्या दप्तरी नोंदलेलं असू द्या. त्यासाठी विवाह प्रमाणपत्रावर भारतातूनच अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) करून आणा. इथे येऊन ते करायला बसलात तर महिने जातात.

२१. घर सोडताना डिपॉझिट अडकू नये म्हणून काय करू?

काम पहिल्या दिवशीच करायचं असतं. किल्ली घेतल्यावर सामान आत नेण्याआधी प्रत्येक भिंत, प्रत्येक खिडकी, ओव्हनच्या आतली बाजूसुद्धा फोटोत घ्या आणि त्याच रात्री मालकाला ईमेल करा. सोडण्याआधी दोन आठवडे पूर्वपाहणी मागा, काय दुरुस्त करायचं ते लिहून घ्या. भिंतीतली खिळ्यांची भोकं बुजवा. मीटरचे आकडे फोटोत घ्या, शेवटच्या दिवशी मालकाबरोबर उभं राहून. देव्हाऱ्यामागच्या भिंतीवरचा तेलाचा डाग मी पांढऱ्या रंगानं तीनदा झाकला, तरी दर वेळी वर आला. आधी डाग अडवणारा अस्तर लावा, मग रंग.